माचू पिच्चू की चोकेकिराओ?

माचू पिच्चू आणि चोकेकिराओ, दोन्ही पेरूच्या डोंगरातल्या इंका लोकांच्या जुन्या वस्त्यांचे अवशेष. पेरूला जाणारे बहुतेक जण माचू पिच्चू पाहून परत फिरतात. तुमच्याकडे चार-पाच दिवस जास्तीचे असतील आणि पायांना डोंगराची सवय असेल, तर मी चोकेकिराओच सुचवेन.

आई-बाबा बरोबर असतील तर मात्र माचू पिच्चूच. ओयांतायतांबो गावाहून ट्रेन, मग डोंगराखालच्या गावातून बस, बसने अर्ध्या तासात तुम्ही दाराशी. तिकिटावर वेळ आणि आतला मार्ग ठरलेला असतो, पासपोर्ट लागतो, आणि एकदा पुढे गेलात की मागे वळता येत नाही. एखाद्या भिंतीपाशी रेंगाळायची ज्यांना सवय आहे, त्यांना हे जाचतं. तरीही सूर्यमंदिराची ती गोलाई पाहाच. ग्रॅनाइटचे दगड असे घासून बसवलेत की मध्ये चुना नाही, माती नाही, नख शिरेल एवढीही फट नाही.

चोकेकिराओत असलं काम शोधू नका. तिथला दगड पापुद्र्यांचा, घासून गुळगुळीत होत नाही, म्हणून सांधे मातीने भरलेत. पण पश्चिमेच्या उतारावर, शेतीच्या पायऱ्यांच्या भिंतींत, पांढरे दगड बसवून लामा, म्हणजे तिथले उंटाच्या जातीचे लोकरी प्राणी, चितारलेत. एकामागून एक, चढणीला लागलेला कळपच. मला विचाराल तर एवढ्यासाठीसुद्धा जावं.

वाट मात्र अवघड आहे. काचोरा गावापासून जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. साधारण २,९०० मीटरवरून आपुरिमाक नदीपर्यंत १,५०० मीटरवर उतरायचं, पलीकडे तेवढंच चढायचं आणि परतताना पुन्हा तेच. नदीकाठी ऊन भाजून काढतं आणि बारीक चावऱ्या माश्या सोडत नाहीत. पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या. सामानाला खेचर मिळतं. वर पोहोचल्यावर मात्र अख्खा चौक जवळजवळ तुमचा एकट्याचा. माचू पिच्चू जगापुढे आणणारा अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम इथे १९०९ मध्ये आला होता, माचू पिच्चूच्या दोन वर्षं आधी. अवशेषांचा बराच भाग आजही जंगलाखालीच आहे.

दोन्हीसाठी मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ चांगला. माचू पिच्चूचं तिकीट मात्र खूप आधी काढा. आणि कुस्कोत उतरल्या दिवशी कुठलीच चढण नको. ते शहर ३,४०० मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. माचू पिच्चू त्याहून खाली, २,४३० मीटरवर. ओयांतायतांबोही कुस्कोहून खालीच. त्यामुळे विमानतळावरून थेट ओयांतायतांबोला उतरून पहिल्या दोन रात्री तिथेच काढल्या, तर डोकेदुखीचा त्रास कमी होतो.