टेली-मानस 14416 : भाचीसाठी फोन केला त्याचा रिव्ह्यू

टेली-मानस म्हणजे मानसिक त्रासासाठीची सरकारी फोन हेल्पलाईन. सरकारी हेल्पलाईन म्हटली की आपण काय अपेक्षा ठेवतो ते सांगायला नको, पण टेली-मानसला माझ्याकडून साडेचार स्टार. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठी निवडता येते, आणि पेशंटच्या घरचे पण फोन करू शकतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही.

झालं असं की भाची अकरावीत, नागपूरला मानेवाड्यात राहते, ताईला तिच्या हातावर खुणा दिसल्या, स्वतःच केलेल्या. मग भाऊजींनी देवासमोर शपथ घ्यायला लावली, आजी म्हणे नजर लागली, काका म्हणे मोबाईल काढून घ्या, नाटकं आहेत सारी. ताई एकच विचारून राहिली होती, काहून करते बाप्पा ही असं, काय कमी केलं आम्ही. एका प्रायव्हेट काउन्सेलरकडेही नेलं, त्यांनी "आईवडिलांचा विचार कर" म्हणून लेक्चर दिलं, फी घेतली, आणि पोरगी त्यानंतर ताईशीही बोलेना.

फोनवरच्या मॅडमनी आधी एवढंच विचारलं की पोरगी आत्ता सेफ आहे का, मरायची भाषा करते का. मग समजावलं की असं करणारे सगळेच मरायला निघालेले नसतात, आतली घालमेल, राग सहन होत नाही आणि शरीराच्या दुखण्याने ती थोडा वेळ दबते, कोणाला उलट काहीच जाणवेनासं झालेलं असतं म्हणून निदान काहीतरी जाणवावं, कोणी स्वतःला शिक्षा देऊन राहिलेलं असतं. पण तो आराम टिकत नाही, मागून लाज येते, आणि लाज असह्य झाली की परत तेच. आता सांगा, यात शपथ काय करणार, मोडली की लाज अजून वाढणार! नाटकाचं ताईनेच विचारलं, तर म्हणाल्या, नाटक करणारी पोरगी नागपूरच्या मे महिन्यात फुल बाह्या घालून लपवेल का. अर्थात मरायचा इरादा नाही म्हणून सोडून द्यायचं नाही, पुढे आत्महत्येचा धोका अशांमध्ये जास्त असतो हेही स्पष्ट सांगितलं.

सल्ला एकच दिला, "काहून केलं" नका विचारू, "त्याच्या आधी काय झालं होतं" विचारा, आणि उत्तर लगेच मागू नका. मग एका रात्री ओट्यापाशी भांडी आवरता आवरता पोरगी आपणहून बोलली. काय ते इथे लिहिणार नाही, पण घरात कोणाच्याच डोक्यात ते नव्हतं.

शेजाऱ्यांनी पोलीस केसची भीती घातली होती ती पण फालतू, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूसही प्रचंड ताणात होता असंच धरतात.

अर्धा स्टार कापला कारण फोन म्हणजे ट्रीटमेंट नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे जावंच लागतं, आमचं आता ते सुरू आहे. आणि जखम मोठी असेल किंवा पोरगं जगायचं नाही म्हणत असेल तर रिव्ह्यू वाचत बसू नका, त्याला एकटं सोडू नका, अॅम्ब्युलन्ससाठी 108 लावा नाहीतर सरळ जवळच्या सरकारी हॉस्पिटलची, नागपुरात असाल तर मेडिकल किंवा मेयोची, कॅज्युअल्टी गाठा.