पोकळीत अधांतरी: वस्तू फेकावी की हातपाय हलवावेत?

समजा, अंतराळवीर यानाबाहेर एकटा तरंगतोय: यान 30 मीटरवर, दोर सुटलेला, यानाच्या मानाने वेग शून्य. पोहल्यासारखे हात मारून उपयोग नाही. मागे रेटायला तिथे काहीच नसतं. बाहेरून बल नाही, म्हणून वस्तुमानकेंद्र, म्हणजे शरीराच्या सगळ्या वस्तुमानाचा मध्यबिंदू, जागचं हलत नाही.

जागा बदलायची तर काहीतरी फेकायलाच हवं. पोशाखासह 200 किलोचा अंतराळवीर 2 किलोचं अवजार सेकंदाला 10 मीटर वेगाने फेकतो तेव्हा तो स्वतः उलट दिशेने सेकंदाला 10 सेंटिमीटर सरकतो. म्हणजे यानापर्यंत पाच मिनिटं. धीर धरला तर पुरेसं आहे!

घोळ होतो तो फेकण्यात. डोक्यावरून भिरकावलं, फेक वस्तुमानकेंद्रापासून अर्धा मीटर बाजूने गेली आणि जडत्व आघूर्ण (शरीर फिरवायला होणारा विरोध) 40 किलो-मीटर वर्ग धरलं, तर सेकंदाला 14 अंशांची गिरकी सुरू होते. म्हणून दोन्ही हातांनी, पोटाच्या रेषेतून सरळ ढकलावं.

हातपाय हलवून फक्त तोंड वळवता येतं. हात वर ताणून गोल फिरवला की धड उलट वळतं, हात थांबला की धडही थांबतं. हात त्याच वाटेने परत आणला तर कमावलेलं वळण गेलं. फेरा त्याच दिशेने पूर्ण करायचा. फुगलेल्या पोशाखात हे भलतंच दमवणारं काम. मात्र आधीच लागलेली गिरकी याने कायमची थांबत नाही. हात पसरून ती मंदावते, इतकंच.

तेव्हा आधी यानाकडे पाठ करावी, मगच अवजार सोडावं.