एक्सप्लोरर २१७: इंग्लंडातल्या डोंगराचा कागदी नकाशा, वापरून बघितला

आधी हे ऐका, ज्या डोंगरासाठी मी हा नकाशा घेतला तो डोंगर कोल्हापूरपेक्षा बुटका आहे. खोटं न्हाई. लाँग मिंड, श्रॉपशायरमधला, सगळ्यात उंच जागा पोल बँक, ५१६ मीटर. आणि आपलं कोल्हापूर शहर साडेपाचशे मीटरच्या आसपास. म्हणजे मी बिंदू चौकात चहा पीत उभा असतो तेव्हा त्या डोंगराच्या टोकापेक्षा वर असतो. भाच्यानं फोनवर "मामा, इकडं आलात की डोंगर चढायला जाऊ" म्हटलं तेव्हा मी गुगल करून ५१६ आकडा बघितला आणि हसलो, म्हटलं हा कसला डोंगर, टेकाड आहे. पायथ्याचं गाव साधारण २०० मीटरवर आहे ते मात्र बघितलं नव्हतं, ते गुडघ्यांनी नंतर सांगितलं.

तर भाचा वुल्व्हरहॅम्प्टनला असतो, ऑगस्टमध्ये त्याच्याकडं गेलो होतो. ट्रेननं श्रूजबरी आणि तिथनं चर्च स्ट्रेटन. गाव लहान, देखणं, जुन्या काळात ह्याला लिटल स्वित्झर्लंड म्हणायचे, आपल्याकडं तापोळ्याला मिनी काश्मीर म्हणतात तसलाच प्रकार. तिथल्या एका दुकानात हा नकाशा दिसला. केशरी कव्हर, ऑर्डनन्स सर्व्हेचा (म्हणजे तिकडचं सरकारी नकाशा खातं) एक्सप्लोरर, नंबर २१७, लाँग मिंड आणि वेनलॉक एज. बारा-तेरा पौंडाला पडला. भाचा म्हणाला, "मामा, मोबाईल हाय की, कशाला कागदाला एवढं पैसं घालताय?" मी मनात रुपये केले आणि तेवढ्यात घरातल्या सगळ्यांची मिसळ दोनदा झाली असती हेही केलं, पण पन्हाळा ते पावनखिंड सात वेळा चाललोय, कागदाचा नाद जुना आहे, घेतला.

स्केल १:२५,०००, म्हणजे कागदावरचे ४ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. आपल्याकडं ट्रेकवाले सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट वापरतात ती बहुतेक १:५०,००० ची, कोल्हापूर जुन्या नंबरात ४७ एल मध्ये येतं. म्हणजे इथं सगळं दुप्पट मोठं दिसतं. शेताचा प्रत्येक बांध आहे. प्रत्येक ओढा आहे. चर्चला चौकोनी बुरूज आहे का निमुळता मनोरा आहे ते सुद्धा वेगळ्या खुणेनं दाखवलंय. जुनी थडगी, किल्ले, रोमनांच्या आधीच्या वाटा हे वेगळ्या जुनाट वळणाच्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्यामुळं नुसता नकाशा वाचत बसलं तरी तासभर जातो. डोंगराच्या माथ्यावरनं पोर्टवे नावाची फार प्राचीन वाट जाते, ती पण तशीच लिहिलीय. आणि पीएच अशी दोन अक्षरं कुठं दिसली तर तिथं पब असतो, हे भाच्याला न शिकवता कळलं.

खरी कमाल हिरव्या तुटक रेषांची. बारीक तुकड्यांची हिरवी रेघ म्हणजे पायवाट, लांब तुकड्यांची म्हणजे घोडा आणि सायकल पण चालते. आता ह्यात काय विशेष, तर ही वाट कुणाच्या शेतातनं जात असली तरी तुम्हाला चालायचा हक्क आहे, शेतकरी अडवू शकत नाही. आपल्याकडं पाणंदीवरनं किती भांडणं आहेत सांगायला नको, दोन घरांनी मिळून पाणंद गिळायची आणि तिसरा तहसीलदाराकडं खेटे घालतोय. तिकडं १९४९ च्या कायद्यानं प्रत्येक कौंटीला (म्हणजे तिकडचा जिल्हा) असल्या वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला आणि त्याच वाटा ह्या कागदावर हिरव्या होऊन आल्यात. शिवाय २००० साली अजून एक कायदा झाला, त्यानं उघडं माळरान आणि डोंगर लोकांना वाट सोडून पण फिरायला मोकळे केले, ते नकाशात फिकट पिवळ्या रंगात आणि कडेला जाड पट्टी मारून दाखवतात. लाँग मिंडचा बहुतेक माथा असाच पिवळा आहे. मी पहिल्यांदा एका फाटकातनं आत शिरताना उगाच इकडं तिकडं बघत होतो, कुणी "काय पायजे" म्हणून हटकलं तर काय बोलायचं, इंग्रजीत वाक्य पण तयार करून ठेवलेलं. शेतकरी समोरनं आला, हात वर केला, गेला.

वाट अशी घेतली: कार्डिंग मिल व्हॅलीतनं वर. नावातच आहे, इथं लोकर पिंजायची गिरणी होती. आता नॅशनल ट्रस्टचा चहाचा ठिय्या आहे (निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणारी तिकडची संस्था, डोंगराचा बराच भाग १९६५ पासून त्यांच्याकडं आहे). सगळीकडं मेंढरं, अंगावर निळे लाल रंगाचे ठिपके मारलेली, म्हणजे कुणाची कुठली ते कळायला, कारण आसपासच्या शेतकऱ्यांना डोंगरावर चारायचा जुना सामायिक हक्क आहे. मसाई पठारावरच्या धनगरवाड्यांची आठवण झाली. फक्त इथं घोंगडी पांघरलेला कुणी दिसला न्हाई, मेंढरं आपली आपणच हिंडतात. आणि अर्धवट रानटी पोनी आहेत, बुटके, केसाळ, माणसाकडं ढुंकून बघत नाहीत.

दरी अरुंद, तळाला ओढा, दोन्ही बाजूला उभी कड. इथल्या दऱ्यांना बोलीत बॅच आणि हॉलो म्हणतात. नकाशावर मिंटन बॅच, अ‍ॅशेस हॉलो, कॅलो हॉलो अशी नावं वाचताना भाचा म्हणाला "मामा, हे कॉलेजच्या बॅचेस वाटत्यात". मिंड हा शब्द वेल्श भाषेतल्या डोंगराच्या शब्दावरनं आलाय, म्हणजे नाव काय तर लांब डोंगर. सरळ काम.

वर गेल्यावर मात्र बोलती बंद. ऑगस्ट म्हणजे हेदरचा फुलोरा, गुडघ्याएवढी झुडपं आणि अख्खा माथा जांभळा. कास बघितलेल्या माणसाला फुलांचं कौतुक कमी असतं असं मला वाटायचं, पण कासला रंग पायाशी बदलत जातात, इथं एकच रंग आणि तो क्षितिजापर्यंत, मधमाशांचा आवाज एवढा की बारीक मोटर चालू असल्यासारखा. झुडपांत काळी निळी बारकी फळं, त्याला तिथले लोक व्हिनबेरी म्हणतात, दिसायला करवंदाची धाकटी बहीण, आंबटगोड, जीभ निळी. मी मूठभर खाल्ली, भाचा "धुवून तरी खावा" म्हणत राहिला. मध्येच पायातनं एक ग्राऊस फडफडत उठला, तांबूस तपकिरी, कोंबडीएवढा, आणि "गो बॅक गो बॅक" असं काहीतरी ओरडत गेला, तिथले लोक पण त्याचं ओरडणं असंच सांगतात. म्हटलं आमची टिटवी तरी बरी, नुसता प्रश्न विचारते, हा सरळ घरी जा म्हणतोय. झुडपाच्या शेंड्यावर गप्पीदास बसलेला, आपल्या माळावर हिवाळ्यात येतो त्याचाच भाऊबंद, ते बघून बरं वाटलं. वरनं ग्लायडर गेले, बिनआवाजाचे, माथ्यावरच १९३४ पासून ग्लायडिंग क्लब आहे. साप दिसला न्हाई पण ॲडर असतो म्हणे, त्या देशातला एकमेव विषारी साप, आपल्या घोणसच्या खानदानातला.

पोल बँकला एक सिमेंटचा चौकोनी खांब आहे, नकाशावर त्रिकोणात ठिपका अशी खूण. १९३६ पासून अख्ख्या ब्रिटनची नवीन त्रिकोण मोजणी सुरू केली तेव्हा असले खांब डोंगराडोंगरावर बांधले. त्यांचा ऑर्डनन्स सर्व्हे १७९१ चा, ऑर्डनन्स म्हणजे तोफा दारूगोळा, फ्रेंच चालून येतील म्हणून लष्करासाठी नकाशे काढायला घेतले. आणि आपला सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ चा, म्हणजे २४ वर्षं थोरला. काढला त्यांनीच, ते मान्य, पण भाच्याला हे ऐकवायची संधी सोडली न्हाई.

दगड पण जुना. आपला सह्याद्री लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, आणि लाँग मिंडचा दगड ५५ कोटी वर्षांच्या आसपासचा. बुटका म्हणून हसलो होतो ते मागं घेतलं. म्हातारं झालं की माणूस पण वाकतोच.

आता परीक्षा. खांबापाशी डबा खात बसलो होतो (चपाती आणि सुका झुणका, चटणीसकट) आणि धुकं आलं. पन्हाळ्यावर जुलैमध्ये येतं तसंच, पाच मिनिटांत भाचा पण अंधुक. भाच्यानं मोबाईल काढला, रेंज गेलेली, ॲपमध्ये नुसता करडा कागद आणि त्यावर निळा ठिपका, म्हणजे तुम्ही आहात हे नक्की, कुठं आहात ते माहीत न्हाई. १८६५ च्या जानेवारीत एक पाद्री ह्याच डोंगरावर बर्फाच्या वादळात रात्रभर भरकटला होता आणि कसाबसा वाचला, ही गोष्ट भाच्यानं नेमकी तेव्हाच सांगितली. शाबास म्हटलं.

मी होकायंत्र काढलं. नकाशावर सगळीकडं एक-एक किलोमीटरचे चौकोन आहेत, त्यावरनं जागेचा आकडा काढता येतो, आधी आडवा मग उभा, पोल बँकचा ४१५ ९४४. कुठं उभे आहोत ते खांबामुळं पक्कं होतं. उतरायचं होतं अ‍ॅशेस हॉलोनं, त्याच्या डोक्याशी नकाशावर बॉइलिंग वेल लिहिलंय, मला वाटलं वज्रेश्वरीसारखं गरम पाणी असणार, पाय शेकू. गरम कसलं, थंडगार झरा आणि भोवती दलदल, बूट भरले. तिथनं पुढं मी चुकलो, नकाशा न्हाई चुकला, मी चुकलो. कॉन्टूर रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) व्ही दिसला आणि त्याला मी दरी समजलो, तो होता दांड. शंभर पावलं गेल्यावर ओढा डाव्या हाताला यायला पाहिजे तो येईना म्हणून थांबलो. तेव्हा एक गोष्ट कळली जी सात पावनखिंड करून कळली नव्हती: ह्या नकाशात कॉन्टूरवरचे आकडे असे छापलेत की आकड्याचं डोकं कायम चढाच्या बाजूला असतं. आकडा सरळ वाचता आला म्हणजे आपलं तोंड चढाकडं. एवढं बघितलं की दांड आणि दरी ह्यात घोळ होत न्हाई. माघारी फिरलो, दरी सापडली, ओढा सापडला, धुक्याच्या खाली आलो तर खाली लख्ख ऊन आणि लोक कुत्री घेऊन निवांत फिरतायत. लिटल स्ट्रेटनला बाहेर पडलो.

नावं ठेवायची तर दोन. एक, नेचा, हेदर आणि साधं रानगवत ह्या तिन्हीला नकाशात एकच खूण. कागदावर सारखं दिसतं पण हेदरमधनं चालणं वेगळं आणि खांद्याएवढ्या नेचातनं चालणं वेगळं, ते उसात शिरल्यासारखं असतं, वर गोचीड. संध्याकाळी पाय तपासून घ्या, विनोद न्हाई. दुसरं, आकार. उघडला की डबल बेडची चादर, वाऱ्यात धरायला दोन माणसं आणि घडी घालायला तिसरा. साधा कागद आहे, भिजला तर भिजला, प्लास्टिकचा थर दिलेला जाड प्रकार पण मिळतो, तो महाग पण पावसाळी गडी असाल तर तोच घ्या. मी कोल्हापुरातनं एका दुकानातनं नकाशा ठेवायची पारदर्शक पिशवी नेली होती, तिची चेन पहिल्याच फाटकाशी तुटली, तो राग ह्या नकाशावर काढणार न्हाई.

अजून एक. कव्हरच्या आत खरडायचा कोड असतो, त्यानं हाच नकाशा मोबाईलवर पण उतरवून घेता येतो, रेंज लागत न्हाई. हे भाच्याला परतीच्या ट्रेनमध्ये कळलं.

पाचपैकी साडेचार. तिकडं पोरांकडं जाणार असाल आणि मॉल बघून कंटाळा येणार असेल तर ज्या भागात जाल तिथला नंबर विचारून घ्या, देशभराचे आहेत.

माझा आता घरी आहे, एका कोपऱ्यात व्हिनबेरीचा जांभळा डाग. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना रंकाळ्यावर नेऊन दाखवला, एकानं चष्मा लावून विचारलं, "ह्यात पन्हाळा कुठं आला रे?" बघायला पाहिजे असेल तर देतो, अट एकच, दुकानात होती तशी घडी घालून परत द्यायचा. आतापर्यंत चौघांनी नेला, चौघांनी गुंडाळी करून आणून दिला.