घरघंटी: दसऱ्यापासून श्रावणापर्यंतचा वापर

घरघंटी, म्हणजे घरच्या घरी धान्य दळायचं विजेचं यंत्र, विकताना दुकानदाराने तीन गोष्टी ठासून सांगितल्या होत्या. पैसे वाचतील, पीठ जात्यावरच्यासारखं मिळेल आणि घरातल्यांची तब्येत सुधारेल. गेल्या दसऱ्याला घेतलेली आमची घंटी श्रावण लागला तरी दर आठवड्याला चालते आहे, म्हणजे नवलाई संपल्यावर वर टॉवेल वाळत घालायची वस्तू काही झालेली नाही. तरीही या तिन्ही दाव्यांवर माझं त्याच्याशी पटत नाही. घेतल्याचा आनंद आहे तो एका चौथ्याच गोष्टीसाठी, जी त्याने सांगितलीच नाही. थोडंथोडं दळता येतं. अर्धा किलो बाजरी, पाऊण किलो नाचणी, लाडवापुरती हरभरा डाळ. आमच्या स्वयंपाकात जे काही बदललं ते एवढ्या एका सोयीमुळे.

घर नाशिकला, माणसं सहा. आई-बाबा, आम्ही दोघं, दोन शाळकरी मुलं. बायकोची सकाळची शाळा असल्याने सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे, संध्याकाळच्या भाकऱ्या आईकडे. बाबांना मधुमेह आहे, मुलांना भाकरी नको असते आणि सणाला सगळ्यांना सगळं हवं असतं.

आधी पैशाचा विषय संपवतो. यंत्र साडेसतरा हजारांचं. आमचं महिन्याचं दळण वीसेक किलो. गिरणीत किलोला ८ रुपये घेतात, म्हणजे महिन्याला १६० रुपये. घंटीची मोटर एक अश्वशक्तीची, म्हणजे साधारण ७५० वॅट. तासाभरात सात-आठ किलो गहू निघतो आणि पाऊण युनिट जळतं. महिन्याची वीज फार तर वीस रुपयांची. वाचले १४० रुपये. या गतीने यंत्राची किंमत वसूल व्हायला दहा वर्षं लागतील, तीही मध्ये काही बिघडलं नाही तर. पैसे वाचवायला घंटी घेत असाल तर घेऊ नका, गिरणीवाल्याशी चांगले संबंध ठेवा.

आता पीठ. जात्यात किंवा गिरणीच्या दगडांत दाणा दोन पाळ्यांमध्ये घासला जातो. आमच्या घंटीत तसं काही नाही. आत पोलादी पाती गरगर फिरतात, दाण्याला ठोकतात आणि तो जाळीच्या भोकातून जाण्याइतका बारीक झाला की खाली पडतो. त्यामुळे पीठ किंचित रवाळ लागतं. दगडाच्या छोट्या चक्क्याही बाजारात आहेत, त्या महाग आणि त्यांची देखभाल जास्त. आमच्या पिठाची कणीक मळल्याबरोबर लाटायला घेतली तर पोळीच्या कडा फाटतात. अर्धा तास झाकून ठेवली, वर तेलाचा हात फिरवला, की पोळी मऊ होते. आईचं मत अजूनही गिरणीच्या बाजूने आहे आणि पोळीपुरतं ते बरोबर आहे. पुरणपोळीला तर आम्ही घंटीचं पीठ वापरतच नाही. त्यातला बारीक कोंडा पोळी लाटताना टोचतो आणि पुरण बाहेर येतं. होळीला बाहेरची कणीक आणली, निम्मा मैदा घातला, विषय संपला.

दुकानदार म्हणतो पीठ थंड राहतं. नाही राहत. गिरणीइतकं गरम होत नाही, पण कोमट असतंच. डब्यात लगेच झाकण लावू नका, परातीत पसरून निवू द्या.

घंटीने खरी किमया केली ती भाकरीत. ज्वारी-बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ ताजं असेल तर भाकरी थापली जाते, पिठाची विरी, म्हणजे बांधून धरायचा गुण, गेला की उंडा भेगाळतो आणि भाकरी परातीतून उचलतानाच तुटते. गिरणीत पाच किलोचा डबा द्यायचो तेव्हा पहिला आठवडा बरा जायचा आणि नंतर आई रोज उकळतं पाणी घालून, पीठ उकडल्यासारखं करून कसंबसं भागवायची. बाजरीची गत तर वाईट. बाजरीत शंभर ग्रॅममागे पाचेक ग्रॅम स्निग्धांश असतो, गव्हाच्या पिठाच्या तिपटीहून जास्त. दाणा अख्खा असतो तोवर ठीक, दळला की त्या तेलाला हवा लागते, दाण्यातली विकरं कामाला लागतात आणि काही दिवसांत पिठाला कडवट वास येतो. मुलं बाजरी खात नाहीत अशी आमची तक्रार होती. ती खात नव्हती ते कडू पीठ. गेल्या थंडीत चार-पाच दिवसांपुरतीच बाजरी दळत गेलो. गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा, सोबत गूळ किंवा वांग्याचं भरीत. धाकटा आता दुसरी मागतो, मोठी अजून तोंड वाकडं करते पण अर्धी संपवते.

ज्वारी आम्ही वर्षाची एकदम भरतो, मालदांडी. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून बाजारात प्रत्येक पोत्यावर मंगळवेढ्याचं नाव दिसायला लागलं आहे, ते सोडून द्या. मूठभर दाणे हातात घ्या. टपोरे, मोतिया पांढरे, काळा ठिपका नसलेले असले की पुरे. मात्र ज्वारी निवडून घ्याच. त्यातला एखादा खडा पात्यांवर आदळला की बंदुकीसारखा आवाज होतो आणि जाळी फाटायची भीती असते. निवडण्याचं काम घंटीने रेसभरही कमी केलेलं नाही, हे विकणारे कधी सांगत नाहीत.

नाचणीचं वेगळं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत शंभर ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं आहे, ज्वारी-बाजरीत तीस मिलिग्रॅमही नाही. पण त्यातलं सगळं अंगी लागत नाही, कारण नाचणीत ते अडवून धरणारे घटकही असतात. भिजवून मोड आणले की ते कमी होतात. म्हणून नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत खडखडीत वाळवायची, कढईत मंद शेकायची आणि मग दळायची. हे किलोभरासाठी गिरणीत जमत नव्हतं. एवढ्याशा नाचणीसाठी कोण दगड मोकळा करणार, आणि केलाच तरी वर आधीच्याच्या गव्हाचं पीठ मिसळून यायचं. आता महिन्यातून एकदा होतं. या पिठाची आंबील बाबांना, उडदाच्या वाटणात मिसळून डोसे मुलांना, आणि तुपात भाजून गूळ घालून लाडू सगळ्यांना. लाडू खाऊ म्हणूनच मोजायचा. नाचणीचा असला तरी त्यात तूप-गूळ तेवढंच जातं.

तब्येतीबद्दलही थोडं स्पष्ट बोलायला हवं. घंटी आणली म्हणून बाबांची साखर उतरली नाही. ज्वारीची भाकरी म्हणजेही पिष्टच, दोनाच्या चार खाल्ल्या तर आकडा वर जाणारच. डॉक्टरांनी जे सांगितलं ते दीड भाकरी, वाटीभर उसळ, भाजी आणि जेवणानंतरचं चालणं. फरक इतकाच की चांगली भाकरी मिळायला लागल्यावर बाबांनी पोळीचा हट्ट सोडला. कोंड्याचंही तसंच. घरचं पीठ कोंड्यासकट म्हणून आपण खुश असतो आणि मग मैद्याच्या चाळणीने चाळून तो कोंडा कुंड्यांत टाकतो. आमच्याकडे या विषयावर आई आणि माझी तहाची बोलणी झाली. पोळीचं पीठ जाड चाळणीने चाळायचं, भाकरीचं अजिबात नाही.

आणि आता दिवाळी, जिच्यासाठी हे यंत्र दुप्पट किमतीलाही घेतलं असतं.

बेसनाचे लाडू. विकतचं बेसन इतकं बारीक असतं की लाडू टाळ्याला चिकटतो. लाडवाला रवाळ बेसन लागतं. हरभरा डाळ कोरड्या कढईत नुसती गरम करून घेतली, पूर्ण निवू दिली आणि जाड जाळीवर दळली. जाळीचा नंबर जितका लहान तितकं पीठ बारीक असा आमच्या यंत्राचा हिशेब आहे. कंपनीगणिक नंबर बदलतात, म्हणून मूठभर दळून चिमटीत बघावं. साजूक तुपात मंद आचेवर, हात न थांबवता, रंग बदामी होईपर्यंत भाजलं. शेवटी दुधाचा हबका मारला की बेसन फुलतं आणि दाणा मोकळा होतो. असा लाडू मिठाईच्या दुकानात मी तरी खाल्लेला नाही.

चकलीची भाजणी आईच्या प्रमाणाने. चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, थोडे पोहे, धणे, जिरे. तांदूळ-डाळी धुऊन सावलीत वाळवायच्या, प्रत्येक जिन्नस वेगवेगळा भाजायचा. उडीद डाळ आधी रंग धरते, तांदळाला वेळ लागतो. एकत्र भाजलं की एक करपतं आणि एक कच्चं राहतं. सगळं गार होईपर्यंत घंटीला हात लावायचा नाही. कोमट भाजणी टाकली तर आत वाफ धरते, पीठ जाळीवर लिंपलं जातं आणि मोटर कण्हायला लागते. गिरणीत भाजणीसाठी दिवाळीच्या आधी रांग असते आणि आपल्या भाजणीत शेजारच्यांच्या भाजणीचा वास असतो. घरी दोन किलो दळली, पहिला घाणा तळून पाहिला, चकली जरा कडक वाटली म्हणून पुढच्या पिठात मोहन वाढवलं. नंतर पौषात पुन्हा किलोभर केली. दिवाळीबाहेर चकली करायची मुभा मिळाली ही मुलांच्या दृष्टीने या वर्षातली सर्वांत मोठी घडामोड.

थालीपिठाची भाजणी चकलीच्या भाजणीपेक्षा एका नंबराने जाड जाळीवर. ती डब्यात असली की संध्याकाळी काय करू हा प्रश्न पडत नाही. कांदा, कोथिंबीर, तिखट-मीठ, तव्यावर मधे भोक पाडून तेल सोडायचं, वर दही. शाळेच्या डब्यातला हा एकमेव पौष्टिक पदार्थ जो कधी परत आलेला नाही.

गणपतीसाठी आंबेमोहोर धुऊन, फडक्यावर वाळवून बारीक जाळीवर दळून पाहिला आहे. उकड छान होते, पारीला कळ्या पडतात. अनारशाचं मात्र विसरा. तीन दिवस पाणी बदलत भिजवलेले तांदूळ ओलसर असतानाच दळावे लागतात आणि ओलं धान्य या यंत्राला चालत नाही. ते मिक्सरमधून काढून चाळायचे. तीच गोष्ट तेलकट जिनसांची. शेंगदाणे, तीळ, खोबरं, जवस आत टाकायचं नाही, जाळी गच्च होते. म्हणजे गोडा मसाल्यासाठी कांडपवाल्याकडे जाणं आलंच.

त्रास सांगायचा तर आवाज. मिक्सरचा आवाज मिनिटाचा, हा अर्ध्या तासाचा. आम्ही दुपारी चारनंतर दळतो, खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. शिवाय कितीही झाकण-पिशवी लावा, पिठाची बारीक धूळ उडतेच. म्हणून घंटी ओट्याजवळ नाही, गॅलरीच्या दाराशी आहे. दाराला एक सुरक्षा कळ असते, दार नीट लागलं नाही तर यंत्र सुरू होत नाही. ती कळ मार्चमध्ये हलली. दुरुस्तीला माणूस यायला आठवडा लागला, येऊन पाच मिनिटांत काम केलं आणि भेटीचे पैसे घेऊन गेला. हमीच्या कागदावर भेटीचा खर्च कोणाचा ते घेण्याआधीच वाचा.

पावसाळा ही घंटीची खरी परीक्षा. धान्य ओल धरतं, दळायच्या आधी कढईत जरा गरम करून गार करावं लागतं. आत कोपऱ्यात पीठ राहिलं की आठ दिवसांत त्याला जाळं धरतं आणि अळ्या होतात. दर दळणानंतर जाळी काढून ब्रशने झाडायची, ओलं फडकं अजिबात नाही. दळणाचा क्रमही ठरवून घ्या. उपवासाची वरी, राजगिरा सगळ्यांत आधी, मग तांदूळ, मग डाळी, मग ज्वारी, गहू आणि शेवटी बाजरी. मध्ये मूठभर तांदूळ फिरवला की आधीचं पीठ निघून जातं, ते तांदळाचं पीठ धिरड्यात खपतं. घरात कोणाला गहू वर्ज्य असेल तर एवढ्यावर भागणार नाही, त्यांच्या यंत्रात गहू घालूच नये.

दोघांचंच घर असेल, भाकरी पंधरवड्यातून एकदा होत असेल आणि फराळ विकतचा येत असेल तर ही वस्तू तुमच्यासाठी नाही. भाकरी रोजची असेल, घरात दोन-तीन पिढ्या असतील आणि कोणीतरी धान्य निवडायला तयार असेल तर घ्या. घेताना दुकानात ज्वारी दळून दाखवायला सांगा, गहू नको, गहू सगळ्यांवर चांगला निघतो. जाळ्या सुट्या मिळतात का आणि कितीला, हे विचारा. आमची बारीक जाळी आता बदलायला आली आहे, गणपतीच्या आधी आणावी लागेल.