पॉकेटस्फिंक्स ५: मोजक्या हुकमांसाठी अजून कामाचं

इंटरनेट नाही, रॅम बेताची, आणि यंत्राला कळायला हवेत जेमतेम दहा-बारा हुकूम: दिवा, पंखा, पंप. एवढ्यासाठी पॉकेटस्फिंक्स हे बोललेले शब्द ओळखणारं सॉफ्टवेअर आजही चालतं. बोलून पत्र लिहून घ्यायचं असेल तर मात्र याच्या वाटेला जाऊ नका. हे आजच्या तंत्राच्या फार मागे पडलंय, अशी कबुली कर्त्यांनीच सोबतच्या माहितीत दिली आहे.

कार्नेगी मेलन विद्यापीठात २००६ साली त्याची चाचणी झाली ती शार्पच्या झॉरस या हातातल्या यंत्रावर. प्रोसेसर २०६ मेगाहर्ट्झचा, दशांश गणिताची सोय नाही. म्हणून सगळी आकडेमोड पूर्णांकांत बसवली, आणि सुमारे हजार शब्दांच्या कामात एक सेकंदाचं बोलणं ०.८७ सेकंदात उलगडलं. तुलनेसाठी वोस्क हे याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर घ्या. ते कितीतरी अचूक आहे, पण त्याचं लहान मॉडेलसुद्धा (म्हणजे आवाज ओळखायला शिकवलेली फाइल) चालताना ३०० एमबीच्या आसपास रॅम खातं.

मराठी मॉडेल सोबत येत नाही. मोजक्या हुकमांपुरता उपाय सोपा आहे: शब्द आणि त्यांचे उच्चार देणारी शब्दकोशाची फाइल स्वतः लिहायची आणि मराठी उच्चार इंग्रजी मॉडेलच्या, रोमन अक्षरांत लिहिलेल्या ३९ ध्वनींत बसवायचे. ‘चालू’ला ‘सीएच’ देऊन भागत नाही. आपला इथला च तालव्य (‘चहा’तला) नाही, दंततालव्य (‘चमचा’तला) आहे, तेव्हा ‘टी एस एए एल यूडब्ल्यू’ असा उच्चार लिहा आणि ‘सीएच’वाला दुसरा पर्याय म्हणून ठेवा. ‘थांब’चंही तसंच: इंग्रजीचा ‘टीएच’ घर्षक, म्हणजे हवा घासत निघणारा, आहे, म्हणून साधा ‘टी’ही द्या. ट-त, ण-न, ळ-ल यांतला फरक या मॉडेलला कळतच नाही. ‘ताक’ आणि ‘टाक’ त्याच्या लेखी एकच, त्यामुळे असे जोडीचे शब्द हुकमांत घेऊ नका.

एक चूक तासन्‌तास सापडत नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकतर नुक्त्याच्या ऱ ने, नाहीतर र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह मिळून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शब्दकोशात एक आणि हुकमांच्या यादीत दुसरा असला, की ‘शब्द कोशात नाही’ अशी तक्रार येते. एका फाइलमधून दुसरीत कॉपी केलेलं बरं.

यादीत प्रत्येक हुकमापुढे दोन तिरप्या रेषांत उंबरठा, म्हणजे किती खात्री झाली की हुकूम मानायचा तो आकडा, लिहायचा. सुरुवात १ई-२० (दहाचा उणे विसावा घात) पासून करा. उगाच दिवे लागत असतील तर १ई-१० कडे या, हाका मारूनही ऐकत नसेल तर १ई-३० कडे. नुसतं ‘थांब’ एवढंच ठेवलंत तर दार आपटलं तरी ते ‘ऐकू’ येतं. ‘पंखा बंद कर’ एवढी लांबी हवी.

यादीऐवजी व्याकरणाची, म्हणजे कोणती वाक्यं येऊ शकतात ते सांगणारी, फाइलही देता येते, पण ती एकटी वापरू नका. व्याकरण प्रत्येक आवाज आपल्याच वाक्यांत कोंबतं, टीव्हीवरच्या बातम्यांचासुद्धा ‘पंप चालू’ करतं. आधी यादीतून एक हाक ओळखायची, मग तेवढ्यापुरतं व्याकरण सुरू करायचं, हा क्रम चांगला.

आवाज १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकाच वाहिनीचा द्या. ८ किलोहर्ट्झचा दिलात तर चूक दाखवेलच असं नाही, नुसतं भलतंसलतं ऐकेल. पाचव्या आवृत्तीत माइक वाचायची सोय काढून टाकली आहे, म्हणून सॉक्ससारख्या आवाज टिपणाऱ्या वेगळ्या आज्ञावलीतून आवाज आत सोडावा लागतो. गोंगाट गाळण्यावरही भिस्त ठेवू नका. हातभर अंतरावरून ठीक, मिक्सर चालू असताना विसरा.

अँड्रॉइडवर नवव्या आवृत्तीपासून मागे गेलेल्या ॲपला माइक मिळत नाही. सूचनापट्टीत कायम दिसणारी सेवा चालवावी लागते, आणि सतत ऐकणारा फोन नीट झोपत नाही. जुना फोन यासाठी वापरायचा असेल तर चार्जर लावूनच ठेवा.