यॉर्क यांच्यानंतर ब्राऊन : बॉस्टन कॉलेजच्या आइस हॉकी प्रशिक्षकांची तुलना

एप्रिल २०२२ मध्ये जेरी यॉर्क निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर १,१२३ विजय होते. अमेरिकेतल्या कॉलेज आइस हॉकीत इतके विजय तोवर कुणाच्याच नावावर नव्हते. राष्ट्रीय विजेतेपदं पाच: पहिलं १९८४ मध्ये बोलिंग ग्रीन विद्यापीठाकडून, बाकीची चार (२००१, २००८, २०१०, २०१२) बॉस्टन कॉलेजकडून. त्यांच्या जागी आलेल्या ग्रेग ब्राऊन यांच्या पहिल्या तीन हंगामांची बेरीज ७५ विजय, ३० पराभव, ९ बरोबरी अशी आहे. राष्ट्रीय विजेतेपद त्यात एकही नाही. हे दोन हिशेब शेजारी-शेजारी मांडले की तुलना दोन मिनिटांत आटोपते, पण ती चुकते.

एक तर ब्राऊन बाहेरचे नाहीत. ते याच कॉलेजचे बचावपटू. १९८९ आणि १९९० या दोन्ही वर्षी हॉकी ईस्ट लीगचे सर्वोत्तम खेळाडू, १९८८ आणि १९९२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या संघात. २००४ ते २०१८ ही चौदा वर्षं ते यॉर्क यांच्याच हाताखाली सहायक होते, म्हणजे २००८, २०१० आणि २०१२ ची विजेतेपदं त्यांनी संघाच्या बाकामागे उभं राहून पाहिली आहेत. नंतर न्यूयॉर्क रेंजर्स या व्यावसायिक संघाकडे सहायक, मग एक हंगाम डब्यूकच्या ज्युनियर संघाचे मुख्य प्रशिक्षक आणि मग परत घरी. त्यामुळे यॉर्क यांच्या काळातलं सगळं श्रेय एका बाजूला आणि ब्राऊन यांचं काम दुसऱ्या बाजूला, अशी सरळ रेघ मारताच येत नाही.

दुसरं, यॉर्क यांची सुरुवात लोक विसरतात. १९९४ मध्ये ते बॉस्टन कॉलेजला आले आणि पहिले तिन्ही हंगाम पराभव विजयांपेक्षा जास्त होते. १९९८ मध्ये अंतिम फेरी गाठली, तिथे मिशिगनने जादा वेळेत ३–२ असं हरवलं. २००० च्या अंतिम सामन्यात नॉर्थ डकोटाने ४–२ ने हरवलं. २००१ मध्ये त्याच नॉर्थ डकोटाला जादा वेळेत ३–२ ने हरवून पहिला चषक आला. पुढे २००६ आणि २००७, अशी सलग दोन वर्षं पुन्हा अंतिम सामन्यात हार. मोजायचंच असेल तर यॉर्क यांना पहिल्या चषकासाठी सात हंगाम लागले. ब्राऊन यांनी दुसऱ्याच हंगामात अंतिम सामना खेळला.

मग ब्राऊन सरस का? तसंही नाही. दोघांना खेळाडू ज्या पद्धतीने मिळाले, आणि मुख्य म्हणजे जितका काळ मिळाले, त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुलना करायची ती याच मुद्द्यावर.

यॉर्क यांच्या चांगल्या संघांचा पाया तीन-चार वर्षं टिकणारा खेळाडू हा होता. ब्रायन जिओंटा १९९७ ते २००१ अशी पूर्ण चार वर्षं खेळला आणि शेवटच्या वर्षी कर्णधार म्हणून चषक उचलून गेला. नेथन गर्बी, कॅम ॲटकिन्सन, जॉनी गॉड्रो हे प्रत्येकी तीन वर्षं राहिले. हे चौघेही चणीने लहान. उंची आणि वजन बघून मुलं निवडणाऱ्यांच्या नजरेतून असे खेळाडू निसटतात. यॉर्क यांनी स्केटिंगचा वेग आणि पकवरचा (चेंडूऐवजी वापरतात त्या चकतीवरचा) हात बघून ते उचलले. व्यावसायिक क्लबांनाही अशा मुलांना लगेच बोलावण्याची घाई नसते, त्यामुळे ती कॉलेजात टिकायची. संघात अठरा वर्षांच्या नवख्यासोबत बावीस वर्षांचा मुरलेला खेळाडू असायचा आणि पद्धत एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आपसूक जायची. प्रशिक्षकाला दरवर्षी पहिल्या धड्यापासून शिकवावं लागत नसे.

ही घडी २०१६ मध्ये विस्कटली. त्या वर्षी संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत गेला, क्विनिपियॅककडून ३–२ असा हरला आणि त्यानंतर गोलरक्षक थॅचर डेमको, ॲलेक्स टक, झॅक सॅनफर्ड, माइल्स वूड, इयन मकॉशन, स्टीव्हन सँटिनी अशी अर्धी फळीच शिक्षण अर्धवट सोडून व्यावसायिक हॉकीकडे गेली. पुढची तीन वर्षं, म्हणजे २०१७, २०१८ आणि २०१९ मध्ये, बॉस्टन कॉलेज राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्रच ठरलं नाही. २०२०–२१ मध्ये स्पेन्सर नाइट, मॅट बोल्डी, ॲलेक्स न्यूहूक यांच्या जोरावर १७–६–१ असा सुंदर हंगाम झाला (विजय, पराभव, बरोबरी या क्रमाने). तिघेही गेले आणि पुढच्याच वर्षी, यॉर्क यांच्या शेवटच्या हंगामात, १५–१८–५. हेच दोनदा घडलं. वरच्या तीन-चार खेळाडूंच्या मागे दुसरी फळी तयार नव्हती. यॉर्क यांच्या उत्तरार्धातली उणीव शोधायची तर ती इथे आहे. डावपेच किंवा संघावरची पकड सुटली होती असं म्हणायला आधार नाही.

ब्राऊन यांना तोच संघ मिळाला आणि पहिलं वर्ष तसंच गेलं: १४–१६–६. दुसऱ्या वर्षी ३४–६–१. एवढी उडी कशी मारली हे समजायला खेळाची रचना लक्षात घ्यावी लागते.

सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांचा. बर्फावर एका वेळी तीन आघाडीपटू, दोन बचावपटू आणि गोलरक्षक. तिघा आघाडीपटूंची एक लाइन, अशा चार लाइन आणि बचावपटूंच्या तीन जोड्या. प्रत्येक पाळी पाऊण मिनिटाच्या आसपास, कारण त्यापुढे पाय जड होतात आणि थकलेल्या पायांनी दिलेला पास प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकवर जातो. पाळ्या कुणी, कधी आणि कुणासमोर खेळायच्या हे ठरवणं, हे सामन्यातलं प्रशिक्षकाचं सगळ्यात मोठं काम. यजमान संघाला शेवटी बदल करण्याचा हक्क असतो. प्रतिस्पर्ध्याची कोणती लाइन आली ते बघून तो आपले सर्वोत्तम बचावपटू तिच्यासमोर उतरवतो.

२०२३–२४ मध्ये विल स्मिथ, रायन लेनर्ड आणि गेब पेरॉल्ट हे तिघे आघाडीपटू अमेरिकेच्या कुमार खेळाडूंच्या राष्ट्रीय विकास संघातून एकत्र खेळूनच आले होते. ब्राऊन यांनी ती लाइन मोडली नाही. नवखे तीन खेळाडू एकाच लाइनवर ठेवणं जोखमीचं असतं. अनुभवी प्रशिक्षक सहसा त्यांना वेगळं करून प्रत्येकासोबत एक जाणता खेळाडू देतात. पण ज्यांची एकमेकांची जागा न बघता पास देण्याची सवय आधीच पक्की आहे, त्यांना वेगळं करण्यात तोटाच जास्त. आणि कटर गोथिए या आघाडीपटूला त्यांच्यात न मिसळता दुसऱ्या लाइनवर ठेवलं, हा खरा शहाणपणा. प्रतिस्पर्ध्याकडे पहिल्या दर्जाची बचाव जोडी एकच असते. ती स्मिथच्या लाइनसमोर उतरवली की गोथिए मोकळा, गोथिएसमोर उतरवली की स्मिथ मोकळा. स्मिथचे त्या हंगामात ७१ गुण झाले (गोल आणि गोलसाहाय्य मिळून) आणि गोथिएचे ३८ गोल. देशात दोन्ही याद्यांत पहिला क्रमांक बॉस्टन कॉलेजचाच. गोलमध्ये जेकब फाउलर हा नवखा होता, पण त्याच्यासमोर बचावात ईमन पॉवेलसारखा जुना जाणता होता. कॉर्नेलहून आलेल्या जॅक मलोनसारखा वयाने मोठा खेळाडूही जोडीला घेतला होता. राष्ट्रीय स्पर्धेत क्विनिपियॅकविरुद्धच्या विभागीय अंतिम सामन्यात जादा वेळेतला ५–४ चा गोल मलोनचाच.

हॉकी ईस्टच्या अंतिम सामन्यात बॉस्टन युनिव्हर्सिटीला ६–२ ने आणि राष्ट्रीय उपांत्य सामन्यात मिशिगनला ४–० ने हरवलं. आणि १३ एप्रिल २०२४ रोजी सेंट पॉलमध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यात डेन्व्हरकडून ०–२ अशी हार.

ब्राऊन यांच्या पद्धतीतली कमकुवत जागा त्या सामन्यात उघडी पडली. डेन्व्हरने दोन्ही गोल दुसऱ्या सत्रात केले आणि मग जाळ्यासमोरची मधली जागा, ज्याला स्लॉट म्हणतात, ती पाच जणांनी मिळून आवळली. गोलरक्षक मॅट डेव्हिसने ३५ फटके अडवले. ३५ फटके मारूनही गोल नाही, हे नुसतं दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. कुशल खेळाडू पिछाडीवर पडले की सुबक संधी शोधत आणखी एक पास देतात. तेवढ्यात बचावपटू जागेवर येतो आणि फटका बाहेरून, गोलरक्षकाला पूर्ण दिसेल असा, मारावा लागतो. यावर उपाय जुना आणि अंगमेहनतीचा आहे. एका खेळाडूने गोलरक्षकाच्या डोळ्यांसमोर ठाण मांडायचं, दुसऱ्याने निळ्या रेषेजवळून (जिथून आक्रमणाचा भाग सुरू होतो) बुटाच्या उंचीवर फटका मारायचा आणि पॅडवरून उडालेला पक तिसऱ्याने ढकलायचा. अशा गोलांसाठी धक्के खाणारी तिसरी-चौथी लाइन लागते. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्याच मँचेस्टरच्या विभागीय अंतिम सामन्यात पुन्हा डेन्व्हरच समोर आलं आणि एकच गोल झाला: १–३. दोन वर्षं संघ राष्ट्रीय स्पर्धेत अव्वल मानांकित, दोन्ही वर्षं एकाच प्रतिस्पर्ध्याकडून बाद, आणि त्या दोन सामन्यांत मिळून एक गोल. यॉर्क यांच्या विजेत्या संघांकडे या प्रसंगासाठी मुरलेले खालच्या लाइनचे खेळाडू होते, कारण ते चार वर्षं थांबायचे.

तरीही ब्राऊन यांचं सर्वांत चांगलं काम ३४ विजयांच्या हंगामात नाही, त्याच्या पुढच्या हंगामात आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात स्मिथ आणि गोथिए गेले. स्मिथचे २५ आणि गोथिएचे ३८, म्हणजे ६३ गोल एका झटक्यात वजा. अशाच गळतीनंतर २०१६ आणि २०२१ मध्ये संघ कोसळला होता. २०२४–२५ मध्ये मात्र २७–८–२, हॉकी ईस्ट लीगच्या साखळीत पुन्हा पहिला क्रमांक आणि राष्ट्रीय स्पर्धेत पुन्हा अव्वल मानांकन. जेम्स हेगन्स हा आघाडीपटू नव्याने आला हे खरं, लेनर्ड, पेरॉल्ट आणि फाउलर यांनी दुसरं वर्ष थांबायचं ठरवलं हेही खरं. तो निर्णय त्यांचा होता. पण गोल करणारे कमी झाल्यावर गोल न खाण्यावर संघ उभा करणं हे प्रशिक्षकाचं काम, आणि इथे जुना बचावपटू दिसतो. आपल्या जाळ्यामागून पक बाहेर काढताना पहिला पास घाईत मैदानाच्या कडेच्या फळीवर आपटून न देता, मधला आघाडीपटू खाली येईपर्यंत अर्धा क्षण थांबायचं. ही शिस्त असेल तर आपल्या टोकाला घालवलेला वेळ कमी होतो आणि गोलरक्षकावर येणारे फटकेही.

छोट्या हिशेबात यॉर्क अजून खूप पुढे आहेत. बॉस्टनमधल्या चार विद्यापीठांची फेब्रुवारीतल्या पहिल्या दोन सोमवारी होणारी बीनपॉट स्पर्धा त्यांनी नऊ वेळा जिंकली, हॉकी ईस्टची बाद फेरीची स्पर्धाही नऊ वेळा. ब्राऊन यांच्याकडे पहिल्या तीन हंगामांत बीनपॉट एकही नाही आणि हॉकी ईस्टची एक. राष्ट्रीय स्पर्धेत सोळा संघ असतात, एक पराभव झाला की घरी. त्यात समोरचा गोलरक्षक एका रात्री भरात आला तर वर्षाची मेहनत जाते. म्हणून चषकांपेक्षा सलग किती वर्षं संघ त्या सोळांत, आणि त्यातही वरच्या चारांत राहतो, हे मोजणं जास्त न्याय्य आहे.

२०२५ मध्ये लेनर्ड, पेरॉल्ट आणि फाउलर गेले. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमधले (तिथल्या तरुण खेळाडूंच्या वरच्या दर्जाच्या लीगमधले) खेळाडू अमेरिकी कॉलेजांत खेळायला पात्र ठरले. त्यामुळे वीस वर्षांची, शेकडो सामने खेळलेली मुलं कोणत्याही संघाला एका उन्हाळ्यात मिळू शकतात. यॉर्क जी दुसरी फळी चार वर्षांत घडवत होते, ती आता बाहेरून आणता येते. ब्राऊन यांनी ती कशी आणली हे बघायचं असेल तर गुणतक्ता बाजूला ठेवावा आणि एका गोलने मागे असलेल्या सामन्याची शेवटची दहा मिनिटं बघावीत: तिसऱ्या लाइनला पाळी मिळते का, गोलरक्षकासमोर कुणी उभं राहतं का, आणि निळ्या रेषेवरून पहिला फटका किती लवकर सुटतो.