लाकडाची शेगडी, जुनी चिमणी आणि स्वीप : इंग्लंडमधल्या दुसऱ्या हिवाळ्यानंतरचा अनुभव

शेगडी कुठल्या कंपनीची घ्यावी यावर आठवडे घालवू नका, आधी चांगला स्वीप, म्हणजे चिमणी साफ करणारा, शोधा. यॉर्कशायरमधल्या आमच्या टेरेस घरात (भिंतीला भिंत लागून ओळीत बांधलेल्या घरांपैकी एक) आधीच्या मालकांनी लाकडाची शेगडी बसवून ठेवली होती. ओतीव लोखंडाची, काचेच्या दाराची, दिसायला देखणी. वरची चिमणी मात्र शंभर वर्षांहून जुनी आणि आतून नुसत्या विटांची. ती किती झिजली आहे हे आम्हाला चिमणी साफ करणाऱ्या माणसामुळे कळलं, म्हणून हा अनुभव शेगडीपेक्षा त्याच्याबद्दल जास्त आहे.

इंग्लंडमध्ये या कामाला सरकारी परवाना लागत नाही. ब्रश आणि व्हॅक्यूम घेऊन कुणीही उद्यापासून धंदा सुरू करू शकतो. त्यामुळे गिल्ड ऑफ मास्टर चिमनी स्वीप्स, नॅशनल असोसिएशन ऑफ चिमनी स्वीप्स किंवा हेटास (लाकूड-कोळशाच्या शेगड्यांची कामं करणाऱ्यांची नोंदणी ठेवणारी संस्था) यांच्या यादीतलाच माणूस बघा. आमच्या शेजारी एकजण स्वस्तात काम करून गेला. पंधरा मिनिटांत उरकलं, धुराची चाचणी नाही, सर्टिफिकेट नाही. पुढे विमा कंपनीने नेमकं तेच सर्टिफिकेट मागितलं.

आमचा स्वीप पहिल्यांदा एप्रिलमध्ये आला आणि ब्रश न काढताच परत गेला. चोचीत काटक्या धरून जॅकडॉ आमच्या धुराड्यात उतरताना त्याला रस्त्यावरूनच दिसले होते. कावळ्याच्या कुळातला हा राखाडी मानेचा पक्षी चिमणीत घरटं करतो आणि १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार वापरातलं घरटं मोडता येत नाही. "पिल्लं उडून गेली की फोन करा, तोवर काडीसुद्धा पेटवू नका," म्हणाला. त्या दिवसाचे पैसे त्याने घेतले नाहीत. तेव्हाच मला हा माणूस पटला.

सप्टेंबरमध्ये आल्यावर त्याने आधी खोलीभर चादरी अंथरल्या आणि घरटं उपसायला घेतलं. काटक्या, मेंढ्यांची लोकर, चिखल, पोती भरून निघाली. धूर जायला वाटच उरली नव्हती. त्यानंतर एकीला एक सळी जोडत ब्रश वर चढवला आणि तो धुराड्यातून बाहेर आलेला बघायला आम्हाला अंगणात पाठवलं. तुमच्याकडे वर जाळीची टोपी नसेल तर हे अवश्य बघा, ब्रश टोकापर्यंत गेल्याचा तोच पुरावा.

पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते धुराच्या चाचणीत. खाली धूरकांडी पेटवून, धुराड्याचं तोंड बंद करून तो वरच्या बेडरूममध्ये गेला. तिथली जुनी फायरप्लेस केव्हाच बुजवलेली. तिच्या चौकटीच्या कडेने धुराची बारीक रेघ वर येत होती. चिमणीतल्या दोन धूरमार्गांमधल्या विटांचा चुना झडलेला. धूर जिथून येतो तिथूनच कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही येणार, आणि त्याला ना रंग ना वास. त्या खोलीत आमची मुलं झोपतात. सामायिक भिंत म्हणून त्याने शेजाऱ्यांचंही दार वाजवून त्यांच्या खोल्या तपासल्या. सर्टिफिकेटवर स्पष्ट लिहून दिलं : दुरुस्ती होईपर्यंत वापरू नये.

मग हेटासकडे नोंदणी असलेल्या माणसाकडून आत स्टेनलेस स्टीलची लवचिक नळी टाकून घेतली. ३१६ दर्जाची स्वस्त पडते, पण आम्ही ९०४ घेतली, कारण काजळीतल्या आम्लापुढे ती जास्त टिकते. वर पक्ष्यांसाठी जाळीची टोपी बसवली. खर्च हजार पौंडांच्या वर गेला. तो टाळण्यासारखा नव्हता.

त्यापुढची चिमणीची तब्येत आपल्या हातात. ओलं लाकूड जाळलं की उष्णता पाणी उकळण्यातच जाते, धूर थंड पडतो आणि त्यातलं डांबर नळीला आतून चिकटतं. हेच क्रिओसोट पुढे पेट घेतं. रात्री हवेची खटकी बंद करून लाकूड धुमसत ठेवणं सर्वांत वाईट. २०२१ पासून इंग्लंडमध्ये दोन घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं तर त्यात ओलावा २० टक्क्यांपर्यंतच चालतो, पोत्यावर 'रेडी टू बर्न'चा शिक्का बघून घ्या. ओलावा मोजायच्या मीटरने तपासताना ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा, बाहेरून तो नेहमीच कोरडा लागतो. सातारहून आलेल्या आमच्या आईंना मीटर लागलाच नाही. जन्मभर चूल पेटवलेली बाई. त्यांनी दोन ओंडके एकमेकांवर आपटले, एक जोडी खणखणली, दुसरी बद्द वाजली. बद्दवाली बाजूला काढायला लावली. मी नंतर मीटर लावून पाहिला, त्यांचंच बरोबर होतं.

कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची जागाही महत्त्वाची. आमचा खोलीच्या छताला लावला आहे, भिंतीपासून ३० सेंटिमीटरपेक्षा लांब आणि शेगडीपासून आडव्या अंतरात एक ते तीन मीटरच्या आत. बटण दाबून तपासत जा. त्यावरची मुदत संपली की बॅटरी बदलून भागत नाही, अलार्मच नवा घ्यावा लागतो.

हिवाळा संपल्यावरच्या सफाईत या वेळी सुकी, भुरभुरीत काजळी निघाली, तीही छोट्या बादलीच्या तळाशी मावेल इतकीच. चकचकीत डांबराचा थर कुठेच नव्हता. स्टीलच्या नळीला तारेचा ब्रश लावू देऊ नका, ओरखडे पडतात, आमच्याकडे नायलॉनचा वापरला. काजळी सुटते म्हणून विकतात ती रासायनिक कांडी मी घेत नाही. ती जाळून ना घरटं निघतं ना विटांमधली फट दिसते.

घरात कुणाला दमा असेल तर मात्र मी शेगडी सुचवणार नाही. दार उघडताना थोडा धूर खोलीत येतोच, आणि बाहेर जाणारे सूक्ष्म कण शेजाऱ्यांच्या छातीत जातात. आम्ही कडाक्याच्या थंडीतच पेटवतो.

तक्रार एकच, तारीख मिळत नाही. लाकूड जाळणाऱ्यांना वर्षातून निदान दोनदा सफाई हवी आणि सगळे जागे होतात थंडी पडल्यावर. चिमणीत घरटं नसेल तर मे-जूनमध्येच फोन करा. ऑक्टोबरमध्ये केलात तर चांगला स्वीप नाताळाच्या तोंडावरच येईल.